कोंडाजीच्या छातीतलं पाणी

मखमलाबादच्या कलाबाईला पाण्याचं कोणी शिकवायची गरज नव्हती. झेंडूला किती पाजायचं, वाफ्याला दारं कधी धरायचं, सगळं हातात मुरलेलं. तरी २००३च्या मार्चात तिला पाण्यानंच घोर लावला.

नवरा कोंडाजी एका कारखान्यात पाण्याच्या टाकीवर कामाला होता. क्लोरीनच्या नळकांड्याची चावी निसटली आणि वायू त्याच्या छातीत गेला. संध्याकाळी धाप लागली, दवाखान्यात ठेवून घेतलं. घशाला कोरड पडली म्हणून कलाबाईनं रात्रभर शहाळ्यांचा रतीबच लावला. दुसऱ्या दिवशी फुप्फुसं पाण्यानं भरली आणि कोंडाजीला श्वासाच्या यंत्रावर घेतलं.

"माझ्या शहाळ्यांनी झालं का हो?" तिनं डॉक्टरीणबाईला विचारलं.

"नाही, ताई. ते पाणी त्यांच्याच रक्तातलं आहे." बाई तिच्याशेजारी बाकावर टेकल्या. "रक्तवाहिन्या वाढवणारा एक पदार्थ अंगात असतो. फुप्फुसात तो हवेच्या बाजूला साठलेला, वाहिन्या पडद्यापलीकडे. वायूनं पडदा फाटला, पदार्थ पलीकडे गेला आणि वाहिन्या झिरपायला लागल्या. असा अंदाज आहे."

"मग त्या पदार्थाला मारायचं औषध द्या की."

"तसं औषध माझ्याकडे नाही. असतं तरी हात कचरला असता. फाटलेलं सांधायलाही तोच लागतो म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही."

धाकटा दीर पुंजा तडकला. "वहिनी, बाईलाच माहीत नाय, तर दादाला हितं कशाला ठेवायचा? घरी नेऊ. वणीच्या देवीला नवस बोलू."

"बोला की. चालत जा, भाऊजी, पोटबी उतरंल. हे हितंच राहतील."

"आन् काय झालं तर?"

कलाबाईनं काचेपलीकडं यंत्रावरच्या कोंडाजीकडं पाहिलं. "घरी नेलं तर काय व्हायचं ते ठरलेलं हाय. बाईला माहीत नाय, म्हंजी हितं अजून ठरलं नाय."

पुंजा खरंच चालत गेला. ती बाकावरून हलली नाही.

यंत्र निघालं तोवर उन्हाळा चांगला तापला होता. कोंडाजी घरी आला, पण ओट्यापासून वाफ्यापर्यंत जातानाही मधे टेकायचा.

"अर्धाच... नवरा आणलास," तो म्हणाला.

"आधी तरी पुरते कुठं होता," असं म्हणून तिनं फुलांची पाटी स्वतःच डोक्यावर घेतली. तो उठेपर्यंत मात्र थांबली, आणि त्याच्या चालीनं चालू लागली.