मनकर्णाकाकूची अट

आमच्या विद्यापीठात एक नियम आहे. तो कुठल्याही पुस्तिकेत छापलेला नाही, तरी आमच्या विभागातला प्रत्येक विद्यार्थी तो पाळतो. गावात जाऊन जे तपासाल, ते आधी त्या गावात उघड सांगायचं, मगच प्रबंधात लिहायचं. नवी मुलं विचारतात, हा नियम कोणी केला? आमचे मधुकर सर माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी मान ताठ करून सांगते, "माझ्या काकूनं."

मनकर्णाकाकू बऱ्हाणपूरजवळ बहादरपूरला राहते. माझे वडील नोकरीसाठी बऱ्हाणपूर शहरातल्या लोधीपुऱ्यात येऊन राहिले, काका-काकू गावीच केळीची बाग बघत राहिले. काका गेल्यापासून बाग काकू आणि तिचा मुलगा जीवन सांभाळतात. काकूचा आवाज असा, की तिनं अंगणातून जीवनला हाक मारली तर शेजारच्या बागेतला माणूसही काम टाकून येतो.

या बाईला अभिमान होता तो अंगणातल्या विहिरीचा. माझ्या आजोबांनी, दगाबाबांनी, ती स्वतः खणली. पाणी गोड. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरून पूजतात. ती घागर सगळी गल्ली दगाबाबाच्या विहिरीवर भरायची. त्या सकाळी काकू पदर खोचून विहिरीपाशी उभी असायची आणि ठाणेदारासारखी हुकूम सोडायची. गल्लीच्या टोकाला धुरपदाबाईंची बोअर आहे, तिचं पाणी जरा मचूळ. काकू त्यांना चारचौघांत चिडवायची, "धुरपदे, तुह्या पाण्यात डाळ शिजेपर्यंत माणूस म्हातारा होते!" धुरपदाबाई हसायच्या आणि घागर पुढे करायच्या.

आमच्या विद्यापीठात समाजसेवेलाही गुण असतात. समाजाची सेवा करायची आणि वर त्याचे मार्क घ्यायचे, ही सोय आम्हा शिकलेल्या लोकांनाच सुचते. मी संशोधनाला लागले तेव्हा आमच्या तुकडीला एखाद्या गावातलं पिण्याचं पाणी तपासायचं होतं. मी बहादरपूरचं नाव सुचवलं. काकूनं पुढची खोली रिकामी करून दिली, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. गल्ली मात्र तयार होईना. याआधी कोणी कोणी येऊन गेले होते. बागेतली माती नेली, बायकांचं रक्त नेलं, ढीगभर प्रश्न विचारले आणि परत कोणी तोंड दाखवलं नाही.

काकूनं आमच्यासोबत आलेल्या मधुकर सरांना समोर बसवून घेतलं.

"सर, पाहुणा जेवला तरी निघताना सांगून जाते. तुम्ही आमचं पाणी नेसान अन् गुपचूप जासान, असं नाही चालणार. काय निघालं ते मारुतीच्या पारावर सांगा. कोणाच्या घरचं पाणी खराब, नाव घेऊन सांगा. नाहीतर कोण कोणाचं पाणी प्यायचं बंद करीन?"

सर म्हणाले, "बाई, नाव असं जाहीर करता येत नाही. ज्याचं त्याला सांगू. नाव घ्यायचं की नाही, हे त्या घरानं ठरवायचं."

"मंग मी विचारते घरोघर," काकू म्हणाली.

आणि ती खरंच निघाली. दारोदार जाऊन तिनं होकार आणले. निंबाभाऊ म्हातारे आणि महाखट, ते काही ऐकेनात. त्यांच्या ओट्यावर ती ठाण मांडून बसली. "निंबाभाऊ, खराब निघालं तर लाज कसाची? लपवलं तर लाज." शेवटी त्यांनीही मान हलवली. सगळी गल्ली तयार झाली ती आमच्या विद्यापीठाच्या नावावर नाही, काकूच्या शब्दावर.

आमची तपासणी साधी होती. औषध घातलेल्या लहान बाटलीत पाणी भरून ठेवायचं. पाणी काळं पडलं, तर त्यात मैला उतरतोय असं समजायचं. प्रत्येक बाटलीवर घराचं नाव लावलं आणि सगळ्या बाटल्या काकूच्याच फळीवर, हळद-तिखटाच्या डब्यांच्या वर ओळीनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर काकू फळीसमोर उभी होती. तीन बाटल्या काळ्या पडल्या होत्या. त्यातली सगळ्यात काळी तिच्या हातात होती. तिच्याच नावाची.

सरांनी नव्यानं पाणी भरायला लावलं. पुन्हा काळं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी जीवननं विहिरीच्या मागे संडासाचा खड्डा घेतला होता, घाईघाईत, तळ न बांधता. गल्लीतल्या पोरांची पोटं बिघडायची तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, केळी जास्त खाल्ली असतील. बिचारी केळी.

जीवन हादरला. "माय, आपलं नाव नको घेऊ. सर तर खुद म्हणू राहिले, घराची मर्जी. खड्डा मी उद्याच बुजवतो, कोणाले पता पण नाही लागणार. अखाजी तोंडावर आली, लोक काय म्हणतीन?"

सर हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला तो अधिकार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही फक्त 'गल्लीतली एक विहीर' एवढंच म्हणू."

काकू चुलीकडे गेली. तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही. मला तिच्याकडे बघवेना. ती विहीर म्हणजे तिचा सासरा होता, नवरा होता, गल्लीतली तिची सगळी पत होती. संध्याकाळी तिनं विहिरीचा दोर आणि बादली काढून आत आणली, बाभळीची काटेरी फांदी विहिरीच्या तोंडावर टाकली आणि मला म्हणाली, "चाल वर्षा. पारावर लोक आले असतीन."

पारावर सर उठायच्या आधी तीच उठली. हातात ती बाटली.

"हे आमच्या घरचं पाणी. दगाबाबाच्या विहिरीचं. आमच्या संडासाचा खड्डा तिच्यात उतरते. आजपासून कोणी भरू नका, लेकरांले पाजू नका. खड्डा हलवला, विहीर उपसली, अन् या पोरांनी पुन्हा तपासलं, की मंगच दोर लावीन."

 मग निंबाभाऊंनी विचारलं, "म्हंजी मनकर्णा, गेल्या अखाजीले आपुन पितरांले हेच पाणी पाजलं?"

 जीवननं मान खाली घातली.

"हो, निंबाभाऊ," काकू म्हणाली. "तुमच्याही अन् आमच्याही."

निंबाभाऊ काठी टेकत उभे राहिले. मला वाटलं, आता हे निघून जाणार. ते सरांकडे वळून म्हणाले, "मंग माही बाटली कशी हाये, तेही सांगा. मोठ्यानं सांगा." त्यांची बाटली स्वच्छ होती. पण त्यानंतर काळ्या बाटल्यांची जी दोन घरं उरली होती, त्यांपैकी कोणीही नाव लपवायला सांगितलं नाही. ज्या घरानं काकूला ऐकवायचं, त्याला आधी स्वतः काकूएवढं उभं राहावं लागलं असतं.

अखाजीला मी बहादरपूरलाच थांबले. काकूनं सांजोऱ्या तळल्या, नवी घागर धुऊन घेतली. मग घागर कमरेवर घेऊन ती गल्लीच्या टोकाकडे निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती या दिवशी दुसऱ्याच्या दारात पाणी मागायला चालली होती. मी सोबत होते. दारं उघडी होती, बायका बघत होत्या. काकूची चाल नेहमीचीच, पण घागरीच्या काठावर तिची बोटं घट्ट आवळलेली मला दिसत होती.

धुरपदाबाई दारातच होत्या. त्यांची बाटली स्वच्छ निघाली होती आणि टोमणा मारायचा हक्क त्यांच्याइतका कोणालाच नव्हता.

"धुरपदा, घागर भरू दे माय," काकू म्हणाली.

धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "पाह्य बरं. या पाण्यात डाळ नाही शिजत."

काकू हसली आणि हसता हसता रडायला लागली. धुरपदाबाईंनी घागर तिच्या हातातून घेतली. स्वतःची घागर कोरडीच होती, ती बाजूला सरकवून त्यांनी काकूची आधी भरली, अगदी काठोकाठ.

"तुह्या सासऱ्यानं आजवर आमच्या पितरांले पाणी पाजलं," त्या म्हणाल्या. "आज त्याले माह्या घरचं."