घासलेली बरणी

मंगरूळपीरच्या रस्त्याला, आमच्या गावातल्या शेवटच्या वस्तीला लागून एक भट्टी होती. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून तिथे शिसं वितळवत. वस्ती बौद्ध मजुरांची. दुपारी वारा फिरला की धूर थेट त्यांच्या अंगणात उतरायचा. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी आरोग्य खात्यात नमुने गोळा करायच्या कामावर नवा होतो.

वस्तीतली मुलं पोट धरून येतात, पांढरीफटक पडतात, हे जिल्ह्याहून आलेल्या एका डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या दिल्या. एक वस्तीतल्या छपरावर ठेवायची, दुसरी लांब शाळेच्या गच्चीवर. महिनाभर त्यांत पडेल ती धूळ नागपूरला तपासायची. वस्तीच्या धुळीत शिसं जास्त निघालं तर भट्टी हलवा म्हणून वर लिहीन, असं ते म्हणाले होते.

छप्पर ज्या बाईचं होतं तिची मुलगी चार वर्षांची. तिचंही पोट सारखं दुखायचं. हवा वाईट निघाली तर पोरीला धनजला आईकडे ठेवीन, असं बाईने मला सांगितलं. मग विचारलं, "पाणी घेता का साहेब, का पिऊनच आले?"

टोमणा मला कळला. त्या घरचं पाणी मी पिणार नव्हतो, आणि ते तिला माहीत होतं. पिऊनच आलो, म्हणालो. बरणी तिच्या नवऱ्याकरवी छपरावर चढवली आणि रस्त्यातूनच सांगितलं, सरकारी वस्तू आहे, नीट सांभाळा. तिच्यात धूळ साठू द्यायची आहे, एवढं समजवायलाही थांबलो नाही. मध्ये दोनदा जाऊन बघायचं होतं, तेही गेलो नाही.

महिन्याने गेलो तर बरणी लखलखत होती.

"रोज राखेनं घासली जी," बाई कौतुकाने म्हणाली. "लय काळं बसे तिच्यात. सरकारची वस्तू, घाण कशी ठेवू?"

नमुना वाया गेला, एवढं लिहायला हवं होतं. पण मग का वाया गेला तेही सांगावं लागलं असतं, आणि आणखी महिनाभर त्या वस्तीत जावं लागलं असतं. मी झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, पार्सल पाठवून दिलं.

शाळेच्या बरणीत थोडं शिसं निघालं, वस्तीच्या बरणीत जवळजवळ नाहीच. डॉक्टरांना नवल वाटलं. मी गप्प राहिलो. पुढे त्यांची बदली झाली, भट्टी चालूच राहिली.

बाई बाजारात भेटली तेव्हा तिने विचारलं, काय निघालं. काही नाही, म्हणालो. तिचा चेहरा उजळला.

"मंग राहू द्या पोरीले माह्यापाशीच."

उन्हाळ्यात पोरीला झटके येऊ लागले. आठ दिवसांत ती गेली. सगळं कबूल करायचं ठरवून मी गेलो आणि पहिल्यांदाच त्या घरात शिरलो. बाईने काही न विचारता पाण्याचा लोटा पुढे केला. मी प्यालो.

"तुमी तं तपासून पाह्यलं होतं," ती म्हणाली. "माहीच चूक झाली जी. तवाच धनजले धाडाले पायजे होतं."

मी लोटा खाली ठेवला आणि उठून आलो.

ती वस्ती माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर आहे. बाई अजून तिथेच राहते, आणि चूक आपली होती असंच समजते.