गाठीभाऊंची गाठ

गाठीभाऊ डोळे मिटून गाठ तपासायचे. चढणारा कुणीही असो, त्याच्या कमरेच्या दोरावरून त्यांची बोटं फिरल्याशिवाय त्याला दगडाला हात लावता यायचा नाही. "डोये फसवतेत, मास्तर. बोटं नाई फसवत," म्हणायचे.

पिढीजात काम तलावातल्या मासेमारीचं, जाळी विणण्याचं. गडचांदूरकडच्या एका बंद चुनखडी खाणीच्या भिंतीवर मी पोरांना चढाई शिकवू लागलो, तेव्हा हे सायकल टेकवून बघत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी पुढं आले आणि माझीच गाठ सोडून नव्यानं बांधली. मग पन्नाशीत स्वतः चढायला शिकले. एकदा नागपूरचा एक पोरगा वैतागला, "भाऊ, मी काय मासा आहे का?"

"मासा सुटला त मी एक दिवस उपाशी. तू सुटला त तुही माय मले सोडन का?"

दोर अडकवायला भिंतीत बसवलेले बोल्टही ते दगडानं ठोकून ऐकायचे. शिबिरासाठी मी नवी वाट तयार केली. तिसऱ्या बोल्टवर कान लावून म्हणाले, "हा पोकळ बोलून राह्यला. काढा." भोक मीच पाडलं होतं, घाईत, उथळ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच होतो. मी सांगितलं, "नवा बसवला, भाऊ." बसवला नव्हता. त्या दिवशी ते ठोकून न पाहताच चढले. मास्तरचा शब्द होता.

बोल्ट उपसून आला आणि भाऊ खालच्या दगडांवर आदळले. कमरेचा पट्टा मोकळा करायला मी त्यांची गाठ सोडली. इतकी आवळली होती की दात लावावे लागले. माणसं धावत आली तेव्हा दोराचं मोकळं टोक बाजूला पडलं होतं. कुणीतरी म्हणालं, "अरे, गाठीभाऊचीच गाठ सुटली!" उपसलेला बोल्ट माझ्या खिशात होता.

दवाखान्यात शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "मास्तर, माही गाठ सुटली का?"

"हो, भाऊ."

मोडलेला पाय वर्षभरात जुळला. जाळं मात्र त्यांनी पुन्हा हाती घेतलं नाही. बकरीची दोरीसुद्धा बायकोकडून बांधून घ्यायचे, वर चार वेळा ओढून पाहायचे. पोरं हसायची. मी तेही पाहिलं.

आज लिहितो. ती गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. अंगणात तिरडी बांधायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोनं दोरी माझ्या हातात दिली. "गाठी तुमीच मारा, मास्तर. त्यायचा तुमच्यावर लय भरोसा होता."

मी मारल्या.