ताईच्या ओठांवरची निळी रेघ

मंगळवार, ११ तारीख. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत एका फोटोग्राफरने कॅमेऱ्याला एक शोभेची काच लावली... आणि माझ्या मोठ्या बहिणीचं शेवटचं बोलणं पुसून टाकलं.

रडगाणं लिहायला बसलेले नाही. तक्रार करायची तर आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं ते, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. तर घडलं ते असं.

ताईला घशाचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी स्वरयंत्र काढलं आणि आवाज गेला. बोलणं मात्र थांबलं नाही... नुसते ओठ हलवून ती दिवसभर बोलायची आणि मी ते वाचायला शिकले. माझ्या आमटीला नावं ठेवायला आवाज लागत नाही, हे तेव्हा कळलं.

लिहून दाखव म्हटलं तर हात थरथरायचा. चार शब्दांनंतर पाटी ढकलून द्यायची.

तिचा मुलगा निखिल धायरीला राहतो. इथून पाऊण तास. आईशी भांडून गेला तो सहा वर्षं फिरकला नाही... भांडणाचं कारण विचारू नका, शेवटी शेवटी ते त्या दोघांनाही धड आठवत नव्हतं.

आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ताई म्हणाली, "निखिलला सांगायचंय. समोर बसून जमणार नाही मला. शूटिंग करून ठेव." माझ्या मोबाईलवर करून पाहिलं. पण बाहत्तराव्या वर्षी माझाही हात हलतो. शिवाय तिला ते नीट हवं होतं, चांगली साडी नेसून.

म्हणून एक स्टुडिओ गाठला. मालकांना फोनवर दोनदा बजावलं, आवाज येणार नाही, ओठ स्वच्छ दिसले पाहिजेत. "हो हो आजी, एकदम क्लिअर!" आणि स्वतः न येता दुसऱ्याच माणसाला पाठवलं. लग्नांचे व्हिडिओ करणारा. त्याला निरोप काय दिला, देव जाणे.

ताईने मोतिया साडी नेसली, गळ्यावरच्या भोकावर स्कार्फ बांधला आणि मला खोलीबाहेर काढलं. "नंतर तूच वाचून दाखव त्याला. आत्ता जा, तू मध्ये मध्ये बोलतेस." मी दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले.

नंतर आठवडाभर फोन केले. एडिटिंग चालू आहे, एडिटिंग चालू आहे... बुधवारी, १९ तारखेला ताई गेली. निखिल आला तो थेट खांदा द्यायलाच.

सोमवारी २४ तारखेला लिंक आली. निखिल आणि मी टीव्हीसमोर बसलो.

पडद्यावर सगळीकडे सोनेरी धुकं, देवघरात धूप कोंडावा तसं. ताईच्या शेजारी टेबल लॅम्प. त्या लॅम्पपासून एक निळी रेघ निघालेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत... बरोबर तिच्या ओठांवरून. वर मागे व्हायोलिन वाजतंय. हनुवटी हलताना दिसते, गाल हलताना दिसतात. ओठ नाहीत.

"मावशी, काय म्हणतेय ती?" निखिलने विचारलं. मी म्हटलं, थांब. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

फोटोग्राफरला फोन लावला. "सिनेमॅटिक लुक आहे तो, मावशी. लोक मागून घेतात." मी म्हटलं, "अहो, ती बोलत होती." तो म्हणाला, "बोलत होत्या? मला वाटलं, आजी तोंडातल्या तोंडात जप करतायत."

निखिल म्हणाला, मग फिल्टर काढून टाका, मोबाईलमध्ये काढतात तसा. तो निघत नाही. धुकं आणि दिव्याच्या उजेडाची रेघ पाडणारी ही काच लेन्सवरच बसवलेली असते, तिच्यातून जे आत गेलं तेवढंच टिपलं जातं. त्या रेघेखाली ताईचे ओठ जपून ठेवलेले नाहीत.

एकाच ठिकाणी ती पुढे वाकते आणि चेहरा रेघेबाहेर येतो. चारेक सेकंद. मी ते इतक्या वेळा लावलं की शेवटी निखिलने माझ्या हातातून रिमोट घेतला. ती म्हणते, "अहो, तो दिवा डोळ्यांवर येतोय. बाजूला घ्या ना जरा." पुढे दिवा तिथेच.

आईचं एवढंच बोलणं मी त्या मुलाला वाचून दाखवू शकले. तो उठून गॅलरीत गेला.

आता मुद्द्याचं. पहिली सात-आठ मिनिटं काच न लावता घेतली होती, असं फोटोग्राफरने स्वतः कबूल केलं. ती "प्लेन" वाटली म्हणून शूटिंग संपल्यावर कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून डिलीट केली. डिलीट झालेलं परत मिळवून देणारे लोक पुण्यात आहेत. मी चौकशी केली. त्यावर नवीन काही शूट झालं नसेल, तर आशा आहे म्हणतात. ते कार्ड अजून फोटोग्राफरच्या बॅगेत तसंच आहे... आणि येत्या रविवारी एका लग्नाला वापरलं जाणार आहे.

मालकांना सोमवारपासून पाच फोन केले. पाचही वेळा एकच उत्तर, "बघतो." ताईचा तेरावाही अजून व्हायचाय, म्हणून मी आवाज चढवला नाही. स्टुडिओचं नावही आज इथे लिहीत नाही.

आमच्या ओळखीतून ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचेलच, म्हणून थेट सांगते. मालक, रविवारच्या लग्नाला दुसरं कार्ड वापरा. ११ तारखेच्या शूटिंगनंतर या कार्डावर नवीन काही शूट केलेलं नाही आणि ते तुम्ही निखिलच्या हातात देत आहात, असं मला लेखी कळवा, सहीनिशी. शुक्रवार, २८ तारीख, संध्याकाळी पाचच्या आत.