खंडेनवमीची बस

आमचे आजोबा दत्तोजीराव सरकारवर रागावले की आधी चष्मा काढतात, मग पेपरची घडी करून मांडीखाली दाबून बसतात. पेपरवर बसलं की सरकारवर बसल्यासारखं त्यांना वाटत असावं. बायकांना सरकारी बस फुकट झाल्याची बातमी आली, त्या दिवशी तो पेपर संध्याकाळपर्यंत कुणाला मिळाला नाही.

"अगं तुळसी, सुम्ने, उगाच, कोण काय देतो काय? आपल्या वाडवडिलांनी या कानडी मुलखात महाराजांचं मीठ खाल्लं ते घोड्यावर बसून, चाकरी करून. आज बस फुकट, उद्या जेवण फुकट. मग तुमच्या पोरांना घाम म्हणजे काय, ते कळणार तरी कसं?"

मी हूं हूं करत राहिले. कारण त्याच महिन्यात मला हुणसूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालं होतं. पगार बेताचाच. बसला भाडं पडलं असतं तर मी गेलेच नसते. आजोबांचं म्हणणं, घराजवळ मेटगळ्ळीत कारखाने आहेत, त्यांनी स्वतः तिथंच उभा जन्म काढला, तिथं बघ. मी ऐकलं नाही. त्यांनी अडवलं नाही, पण माझी नोकरी मानलीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जाते बसनं फिरायला."

हे मला फार लागायचं. जेवताना त्यांच्या ताटात मुद्दाम कमी लोणचं वाढून मी माझा राग काढत असे.

आमच्याकडे खंडेनवमीला पणजोबांची तलवार पाटावर मांडतात. तिच्या शेजारी घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं हत्यार. आजोबा एकेकाचं नाव घेतात, हत्यार ठेवतात, कुंकू लावतात. नाव घेतलं की तो माणूस घरचा कर्ता झाला. बाबांचं नाव असंच त्यांच्या पहिल्या पगाराच्या वर्षी घेतलं गेलं होतं. यंदा माझं घेतील, अशी मला वेडी आशा होती.

त्यांनी स्वतःचा जुना पाना ठेवला. बाबांच्या गॅरेजमधला हातोडा ठेवला. आजीची, गोदावरीबाईंची, विळीसुद्धा ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काय?"

"माझं यंत्र दवाखान्याचं आहे आजोबा. घरी कसं आणू?"

माझं नाव न घेताच आरती झाली. दवाखान्याला सुट्टी नव्हती. डोळे पुसत मी डबा भरला. आजोबा तोवर कुठं गायब झाले होते, कुणास ठाऊक.

स्टँडवर गेले तर हुणसूरची बस झेंडूच्या माळा लावून, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधून उभी, आणि तिच्या पुढ्यात जरीची टोपी घातलेले आमचे आजोबा! हातात घरची कुंकवाची वाटी, खिशात लिंबं.

ड्रायव्हर वैतागून अर्ध्या कानडीत सांगत होता, "आयतल्ला अज्जा, आमची पूजा सकाळीच झाली."

"तुमची झाली. आमच्या घरचं एक हत्यार राहिलंय."

त्यांनी बसच्या कपाळावर कुंकू लावलं, वाकून चाकांखाली लिंबं ठेवली आणि भर स्टँडवर खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं. लोक बघायला लागले. मला रडू आवरेना, आणि हसूही.

"फुकटचं मला अजून पसंत नाही हं," ते कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाले. "सरकारचं चुकलंच आहे. पण तू काही फुकट बसत नाहीस. चढ आता, उशीर होईल."

मी चढले. कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. तेवढ्यात आजोबांनी बाहेरून खिडकीवर टकटक केली.

"ते टाकू नकोस गं. संध्याकाळी आण. तलवारीशेजारी जागा ठेवलीय."