प्रिंट स्क्रीनमध्ये उमटलेला माणूस

आधीच सांगते, मी असले अनुभव आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आले. चकवा, अंगात येणं, पिंपळाखालची बाई... यातलं काही मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. त्यातून मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. चूक सापडली की ती पुन्हा करून दाखवायची, तरच ती खरी, हा आमचा नियम. ही एक गोष्ट मात्र मला पुन्हा करून दाखवता आलेली नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी हडपसरला नोकरीला होते. गाडीतळावर बसमधून उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. तिसऱ्या मजल्यावर आम्ही एका परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचो. बँकेचं काम म्हणून कॅमेऱ्याला सक्त बंदी, मोबाईल खाली लॉकरमध्ये.

सापडलेल्या प्रत्येक चुकीला पुरावा लागायचा, म्हणजे स्क्रीनशॉट. कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन दाबायचं, पेंट उघडून कंट्रोल-व्ही, की झालं. एकाच विंडोचं चित्र हवं असेल तर सोबत ऑल्ट दाबायचं. यात कॅमेरा कुठेच नसतो हे लक्षात घ्या. कम्प्युटर पडद्यावर जे दाखवतोय त्याचीच ती नक्कल. काचेवरची धूळ, मागचा दिवा, तुमचं प्रतिबिंब... यातलं काही त्यात येऊच शकत नाही.

माझ्या शेजारी शुभांगी बसायची. वर्ध्याच्या पलीकडच्या खेड्यातली, कामात चोख, बोलायला भित्री. आमचे टीम लीड नितीन सर तिच्या बोलण्याची सगळ्यांसमोर नक्कल करायचे, म्हणून ती ऑफिसात प्रत्येक शब्द तोलून, पुस्तकातल्यासारखा बोलायची.

एका दुपारी जेवण उरकून आम्ही जागेवर आलो, तर नितीन सर तिच्या खुर्चीमागे उभे.

"मॅडम, सकाळी पाठवलेला स्क्रीनशॉट उघडा जरा. क्लायंट विचारतोय, यात हे कोण उभे आहेत?"

तिनं उघडला. लॉगिनच्या पानाचा गडद निळा भाग... आणि त्यात, आरशात दिसावं तसं, कुणीतरी उभं होतं. चेहरा पुसट, पण खांदे आणि डोक्यावरची टोपी स्पष्ट.

"सर, मी प्रिंट स्क्रीनच केलं होतं."

"वा! म्हणजे प्रिंट स्क्रीनमध्ये आता आरसा पण दिसतो? हा मॉनिटरचा फोटो आहे. कॅमेरा काढा."

तिच्याकडे कसला आलाय कॅमेरा! सरांनी सिक्युरिटीवाल्याला बोलावलं आणि तिची पर्स टेबलावर उपडी करायला लावली. कंगवा, डबा, सॅनिटरी पॅडचं पाकीट... सगळं अख्ख्या टीमसमोर. मी म्हटलं, "सर, निदान केबिनमध्ये तपासा." तर म्हणाले, "तुमचीही पर्स आणताय का? एकदमच उरकू." मागे दोघं-तिघं हसले.

काहीच सापडलं नाही. मग म्हणाले, "करून दाखवा. आमच्यासमोर."

ती बसली. मागे आम्ही सात-आठ जण. तिनं प्रिंट स्क्रीन दाबलं, पेंट उघडलं, कंट्रोल-व्ही केलं.

या वेळी चेहरा स्वच्छ होता. पांढरी टोपी, गालफडं बसलेला म्हातारा माणूस, कुणाच्या तरी खांद्याशी वाकावं तसा पुढे झुकलेला. तोंड उघडं, काहीतरी बोलत असल्यासारखं. आम्ही इतके जण मागे उभे होतो, आमच्यातलं कुणीही त्यात नव्हतं. तीसुद्धा नव्हती. फक्त तो माणूस.

शुभांगी हळूच म्हणाली, "हे माहे बाबा होय."

मग एकदम उठली. "सर, मला घरी एक फोन करू द्या. प्लीज सर."

"आधी ही ट्रिक कशी केली ते लिहून द्या. मग सगळ्या गावाला फोन करा."

आपल्या टेबलाशी उभं करून त्यांनी तिच्याकडून खुलासा लिहून घेतला. मनासारखा झाला नाही म्हणून फाडला, पुन्हा लिहायला लावला. समोर खुर्ची रिकामी होती, बसू दिलं नाही. मध्येच रिसेप्शनवरून त्यांना इंटरकॉम आला. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणावं," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. तो तिच्या आईचा फोन होता, हे आम्हाला नंतर कळलं.

ऑफिस सुटताना तिला सोडलं. मी तिच्यासोबत खाली गेले. लॉकरमधून मोबाईल काढून तिनं घरी लावला आणि ऐकता ऐकता जिन्याच्या पायरीवरच बसली. वडील सकाळीच घरात कोसळले होते. शुद्धीवर होते, तिच्याशी बोलायचं म्हणत होते. नुकतेच गेले होते.

ती गावी गेली तेव्हा मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्या मशीनवर बसायचे. तेच पान, तीच खुर्ची, तीच वेळ. प्रिंट स्क्रीन, ऑल्ट-प्रिंट स्क्रीन, सगळं करून पाहिलं. कोरा निळा रंग, बाकी काही नाही. हार्डवेअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला ग्राफिक्स कार्ड. कार्डाला टोपी कुठून सुचली, ते त्यालाही सांगता आलं नाही.

तेरावं उरकून शुभांगी आली ती राजीनामा घेऊनच. जाताना तिनं सरांकडे ते चित्र मागितलं. घरात वडिलांचा धड एक फोटो नव्हता.

"डिलीट केलं," सर मान वर न करता म्हणाले. "क्लायंटचा डेटा होता तो, तुमचा फॅमिली अल्बम नव्हे."

मी तिला सोडायला गाडीतळापर्यंत गेले. बसची वाट बघताना तिनं आपणहून सांगितलं. शेवटी वडील खोलीत कुणाला तरी सारखे हात जोडत होते. "साहेब, तिले बसू द्या... साहेब, पोरीले बसू द्या." खोलीत आई आणि काका, तिसरं कुणी नाही. आईनं तिला विचारलं, कोण गं हे साहेब?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, तापात बडबडले असतील," ती म्हणाली. "आई म्हणाली, ताप नव्हता गं त्यांना."

तिची बस आली आणि ती गेली. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला होत असेल तर जरूर लिहा. फक्त ग्राफिक्स कार्ड म्हणू नका.