सोजराबाईंच्या दारावरची पाटी

सोजराबाई कडांच्या थोरल्या पोरानं, येसूनं, चाकणकडे कुणाचा तरी मुडदा पाडलाय आणि तो दिवसभर घरात दडून बसतो, अशी कुजबूज आमच्या चिंचवडच्या कामगार चाळीत नऊ वर्षं चालू होती. मी ती पसरवली नाही. ज्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, त्यांच्यापर्यंत फक्त पोचवली.

कुजबुजीचं मूळ एका पाटीत होतं. चाळीत प्रत्येक घरी पोरांची एक जुनी दगडी पाटी असे. घरातला माणूस रात्रपाळी करून झोपला की तिच्यावर खडूनं ‘नाइट शिफ्ट’ लिहून ती दाराला टांगायची. मग त्या दारासमोर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पोरांनी विटीदांडू खेळायचा नाही. देवाची आण मोडतील, पण पाटी मोडणार नाहीत. कारण पुढच्या आठवड्यात झोपायची पाळी आपली असायची.

सगळ्यांच्या पाट्या आठवड्यानं उतरत. सोजराबाईंची एकोणसत्तर साली बिऱ्हाड आलं त्या दिवशी चढली, ती उतरलीच नाही.

“येसू कायम नाइटला हाय,” त्या सांगायच्या. कुठल्या कंपनीत? “मोठ्या.” झालं! पिंपरीत कामाला जाणाऱ्यांना वाटे तो आकुर्डीत असेल, आकुर्डीवाल्यांना वाटे भोसरीत. त्याला पाहिलं कुणीच नव्हतं. सोजराबाई रोज त्याचं ताट झाकून ठेवत, त्याची चादर वाळत घालत. नवरा उद्धवराव भला माणूस, पण स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन शिरायचा. “येसूचं कसं चाललंय?” म्हटलं की म्हणायचा, “आज गरम होतंय नाही?” भर पौषात!

चाळ तरी काय शहाणी होती! भाजीवाली रंभा प्रत्येक खिडकीशी जाऊन कानात ‘मेथी’ म्हणायची. गणपती यायचा तोसुद्धा घरात चोर शिरावा तसा, बिनआवाजाचा. चाळीत एक हवालदार राहत होते. खुनी म्हणून ज्याच्याबद्दल बोललं जाई, त्याची झोपमोड नको म्हणून तेही बूट काढून जायचे.

खरे हाल झाले धाकट्या सोपानचे. आला तेव्हा बारा वर्षांचा होता. पाढेसुद्धा कुजबुजत पाठ केले त्यानं. शाळेत मास्तर ओरडायचे, “कड, तोंडात काय आहे?” पुढे त्याला कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकायच्या खात्यात, नोकरी लागली. तिथं यंत्रांच्या धडधडीत बोंबललेलंही ऐकू येत नाही, सगळे ओठ बघून समजून घेतात. तिथं मात्र सोपानचं अगदी छान जमलं.

अठ्ठ्याहत्तर साली चऱ्होलीच्या इंद्रायणीशी त्याचं लग्न ठरलं. तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला.

“आई, बँड आपल्या दारात वाजला पाहिजे.”

“मारुतीपाशी वाजवा की. हितं येसू झोपलाय.”

“दारात. न्हाईतर मी घोड्यावर बसत न्हाई.”

सोजराबाई येसूचं ताट झाकायला उठून गेल्या. आम्ही त्याला होकार समजलो.

लग्नादिवशी सकाळी पिंपरी कॅम्पातून मीरासाहेबांचा बँड आला. लाल कोट, सोनेरी गोंडे; वाजवणारे सगळे एरवी आमच्यासारखेच पाळ्या करणारे कामगार. मीरासाहेबांनी काठी उचलली आणि त्यांना पाटी दिसली. काठी वरच राहिली. त्यांनी आपल्या माणसांना डोळ्यांनीच खूण केली. आणि राव, काय सांगू! क्लॅरिनेट ओठांना लागली, बोटं नाचू लागली, पण फुंकर नाही. झांजा एकमेकींपासून बोटभर लांब येऊन थांबत. ढोलाची टिपरी हवेतच फिरत होती. बायकांनी मुकी फुगडी घातली. रंभा तर नागिणीसारखी डुलत होती, कशावर ते तिलाच ठाऊक. घोडं तेवढं खिंकाळलं, तर दहाजणांनी त्याला “शूऽऽ” केलं.

सोपान खाली उतरला. “मीरासाहेबचाचा, वाजवा.”

“पोरा, पाटी हाय. पाटी असताना आमी वाजवलं, तर उद्या आमच्या दारावरची कोण मानंल? ज्यानं लावली त्यानं काढावी.”

सोपान आईकडे वळला. मुंडावळ्या त्यानं बाजूला सारल्या. “आई, काढ.”

“उठंल तो.”

“उठू दे की!” सोपानचा खरा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत होता. “भावाच्या लग्नाला बी न्हाई उठायचं व्हय त्यानं? उठव त्याला. न्हाईतर काढ पाटी.”

चाळ पुढे सरकली. हवालदारांनी पट्टा आवळला. नऊ वर्षांनी खुनी दिसणार होता!

सोजराबाई आत गेल्या. आतल्या खोलीची कडी वाजली. उद्धवराव चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांनी त्या खाली टाकल्या, फाडदिशी. मग सोजराबाई बाहेर आल्या, पाटी उतरवली, पदरानं पुसली आणि सोपानच्या हातात दिली.

“वाजवा,” त्या मीरासाहेबांना म्हणाल्या.

असा वाजला बँड की चाळीतली पत्र्याची पिंपं थरथरली. सोपान रडत होता. वरात निघाली तरी आम्ही अर्धेजण मागेच रेंगाळलो, त्या उघड्या दाराकडे बघत. कुणी बाहेर आलं नाही.

येसूनं कुणाचा खून केला नव्हता, हे उद्धवरावांनी नंतर सांगितलं. चाळीत बिऱ्हाड येण्याआधी दोन महिने तो भामा नदीच्या डोहात बुडून मेला होता. धाकटा सोपान खोल पाण्यात गेला म्हणून तो उतरला होता. सोपान वाचला. त्या खोलीत नऊ वर्षं कुणी झोपत नव्हतं.